कुरील बेटांचा वाद : जपान आणि रशिया यांच्यात अजून शांतता करार का नाही?

वाटसरू

नमस्कार. गेले काही महिने मी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांविषयी वाचत आहे आणि एका प्रश्नापाशी येऊन अडकलो आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकांत १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध एका परिच्छेदात येते, आशियातील एका देशाने युरोपीय सत्तेला हरवले याचा हिंदुस्थानातील सुशिक्षितांवर केवढा परिणाम झाला हेही त्यात असते, आणि तेथेच तो विषय संपतो. पुढे या दोन शेजाऱ्यांचे काय झाले, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हते.

मला समजले ते असे. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या ईशान्येला एतोरोफू, कुनाशिरी आणि शिकोतान ही तीन बेटे आणि हाबोमाई हा लहान बेटांचा समूह आहे. या सर्वांचे क्षेत्रफळ सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर भरते. १९४५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोव्हिएत सैन्याने ती ताब्यात घेतली आणि आजही ती रशियाकडे आहेत. जपान त्यांना 'उत्तरेकडील प्रदेश' म्हणतो, तर रशियाच्या लेखी ती साखालिन प्रांतात मोडणारी दक्षिण कुरील बेटे आहेत. या एका वादामुळे युद्ध संपून ऐंशी वर्षे झाली तरी दोन्ही देशांत शांतता करार झालेला नाही.

माझी अडचण पुढे सुरू होते. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपानने कुरील बेटांवरील सर्व हक्क सोडल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. मग आजचा दावा कोणत्या आधारावर उभा आहे? दुसरे असे की, १९५६ साली मॉस्कोने यांपैकी दोन बेटे देण्याचे लेखी मान्य केले होते. ती का दिली गेली नाहीत? युक्रेनमधील युद्धानंतर या प्रश्नात बोलण्यासारखे काही उरले आहे का, हेही जाणकारांनी सांगितले तर बरे होईल.

जुना दप्तरी

वाटसरू यांस, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर करारांच्या शब्दांतच शोधावे लागते, म्हणून जरा मागे जातो.

या दोन देशांमधली पहिली सीमा ७ फेब्रुवारी १८५५ रोजी शिमोदा येथे ठरली. रशियाच्या वतीने अ‍ॅडमिरल पुत्यातिन बोलणी करीत होते. वाटाघाटी चालू असतानाच १८५४ च्या डिसेंबरात मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि त्यांची 'डायना' ही युद्धनौका इतकी मोडली की पुढे ती बुडाली. तेव्हा हेदा गावच्या जपानी सुतारांनी रशियन खलाशांबरोबर काम करून त्यांना परत जाण्यासाठी नवे जहाज बांधून दिले, आणि त्या जहाजाला गावाचेच नाव मिळाले. या वादावर लिहिताना ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली. शिमोदा कराराने एतोरोफू आणि उरुप या दोन बेटांमधून सीमारेषा गेली. एतोरोफू आणि त्याच्या दक्षिणेकडील सर्व बेटे जपानची झाली, उरुपपासून उत्तरेकडील रशियाची झाली, आणि होक्काइदोच्या उत्तरेकडील साखालिन या मोठ्या बेटावर मात्र कोणतीच रेषा आखली गेली नाही. जपानच्या दाव्याचा सर्वांत भक्कम पाया हाच आहे : ही चार बेटे (हाबोमाईचा समूह एक धरून) युद्ध करून मिळवलेली नाहीत, ती दोघांच्या संमतीने आणि शांतपणे ठरलेल्या सीमेच्या आत होती. म्हणूनच १९८१ पासून ७ फेब्रुवारी हा दिवस जपानमध्ये 'उत्तरेकडील प्रदेश दिन' म्हणून पाळला जातो.

यानंतर १८७५ चा सेंट पीटर्सबर्ग करार आला. जपानने साखालिनवरचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात उरुपपासून कामचात्काच्या टोकाजवळील शुमशूपर्यंतची १८ बेटे घेतली. १९०५ च्या पोर्ट्समथ करारात युद्ध जिंकलेल्या जपानला ५० अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेकडील साखालिन मिळाले. दक्षिण साखालिन तलवारीने मिळवलेले होते आणि कुरील बेटे मात्र तशी नव्हती, हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावा लागतो.

आता सॅन फ्रान्सिस्को. ८ सप्टेंबर १९५१ च्या त्या करारातील कलम २ च्या 'क' उपकलमानुसार जपानने कुरील बेटांवरील आणि १९०५ मध्ये मिळालेल्या साखालिनच्या भागावरील सर्व हक्क सोडले. परंतु 'कुरील बेटे' म्हणजे नेमकी कोणती, याची व्याख्या त्या करारात कोठेही नाही, आणि हे हक्क कोणाच्या नावे सोडले तेही लिहिलेले नाही. भरीस भर म्हणजे सोव्हिएत संघाने त्या करारावर सहीच केली नाही, त्यामुळे जपानचे म्हणणे असे की ज्याने करार नाकारला त्याने त्यातील कलमाचा आधार घेऊ नये. (भारतही त्या परिषदेला गेला नव्हता. आपण ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र शांतता करार केला.)

जपान सरकारची आजची भूमिका अशी की ही चार बेटे मुळात 'कुरील' या नावात मोडतच नाहीत. त्यासाठी १८७५ च्या करारातील १८ बेटांच्या यादीचा दाखला दिला जातो आणि त्या यादीत ही चार नाहीत असे दाखवले जाते. मी जपानच्या बाजूने झुकणारा माणूस आहे, तरी हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. त्या कराराच्या फ्रेंच मसुद्यात रशिया जो समूह देत आहे त्याचे वर्णन 'सध्या ताब्यात असलेला कुरील समूह' अशा अर्थाच्या शब्दांत आहे. म्हणजे यादी रशियाकडे त्या वेळी असलेल्या बेटांची आहे, सगळ्या कुरील बेटांची नव्हे. याहून अवघड गोष्ट म्हणजे ऑक्टोबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को करारावर जपानी संसदेत चर्चा चालू असताना परराष्ट्र खात्यातील करार विभागाचे प्रमुख निशिमुरा कुमाओ यांनी स्वतःच सांगितले होते की करारातील 'कुरील' या शब्दात उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही भाग येतात. जपान सरकारने हे विधान अधिकृतपणे फिरवले ते १९५६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे मॉस्कोशी बोलणी सुरू झाल्यानंतर.

शिकोतान आणि हाबोमाई यांची गोष्ट वेगळी आहे. ती भूगोलाच्या आणि जुन्या कारभाराच्या दृष्टीने होक्काइदोचाच विस्तार होती, आणि १९५१ मध्येही जपानने ती सोडल्याचे मानले नव्हते. त्यामुळे चार बेटे एका दाव्यात बांधली गेली असली तरी कायद्याच्या तराजूत त्यांचे वजन सारखे नाही. हा भेद समोर ठेवला की १९५६ मध्ये दोनच बेटांचा उल्लेख का आला हे आपोआप उलगडते.

ध्रुवतारा

दप्तरी साहेबांनी पाया घालून दिला आहे, त्यामुळे मी सरळ १९५६ कडे येतो. माझ्या मते हा वाद सुटण्याच्या सर्वांत जवळ त्याच वर्षी आला होता, आणि तो हातचा गेला त्याला तोक्यो आणि मॉस्को यांच्याइतकीच वॉशिंग्टनही जबाबदार आहे.

१९५५ च्या जूनमध्ये लंडन येथे बोलणी सुरू झाली. जपानकडून मात्सुमोतो शुनिची आणि सोव्हिएत संघाकडून याकोव मलिक बोलत होते. ऑगस्टमध्ये मलिक यांनी हाबोमाई आणि शिकोतान देण्याची तयारी दाखवली. परंतु तोक्योच्या राजकारणात तेव्हा मोठी उलथापालथ चालू होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये दोन पुराणमतवादी पक्ष एकत्र येऊन लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला आणि त्यातील माजी पंतप्रधान योशिदा शिगेरू यांच्या बाजूच्या गटाला पंतप्रधान हातोयामा इचिरो यांनी मॉस्कोशी तडजोड करणे अजिबात मान्य नव्हते. चारही बेटांची मागणी पक्की झाली ती या काळात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू मामोरू मॉस्कोला गेले, तेथे त्यांची दोन बेटांवर समझोता करण्याची तयारी झाली, आणि तोक्योने त्यांना थांबवले. त्याच महिन्यात लंडनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी त्यांना बजावले की जपानने एतोरोफू आणि कुनाशिरी सोव्हिएत संघाला दिली तर अमेरिकाही तेव्हा तिच्या ताब्यात असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावर कायमचा हक्क सांगू शकेल. शीतयुद्धात जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यात जवळीक होणे अमेरिकेला नको होते, याखेरीज त्या इशाऱ्याचा दुसरा अर्थ लावणे मला तरी जमत नाही.

अखेर हातोयामा स्वतः, आजारी अवस्थेत, मॉस्कोला गेले आणि १९ ऑक्टोबर १९५६ रोजी संयुक्त घोषणेवर सह्या झाल्या. तिने युद्धस्थिती संपली, राजदूतांची देवाणघेवाण सुरू झाली, सायबेरियात अडकलेल्या शेवटच्या जपानी युद्धकैद्यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला, आणि सोव्हिएत विरोध मावळल्यामुळे डिसेंबरात जपानला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. या घोषणेला दोन्ही देशांच्या विधिमंडळांची मंजुरी आहे, म्हणून तिला नुसते निवेदन समजणे चुकीचे ठरेल. तिच्या नवव्या कलमात असे म्हटले आहे की जपानची इच्छा आणि हित लक्षात घेऊन सोव्हिएत संघ हाबोमाई आणि शिकोतान जपानकडे सोपवण्यास राजी आहे, मात्र प्रत्यक्ष हस्तांतर शांतता करार झाल्यानंतर होईल.

या कलमातला एकेक शब्द पुढे वादाचा झाला. मजकुरात 'परत करणे' हा शब्द नाही, 'सोपवणे' आहे. जपानी मसुद्यातही 'हिकिवाताशी' असाच शब्द आहे. परत करणे म्हटले असते तर बेटे आधी जपानची होती हे कबूल केल्यासारखे झाले असते. पुढे पुतिन यांनी याच फटीत बोट घातले आणि ही बेटे कोणाच्या सार्वभौमत्वाखाली सोपवायची हे तेथे लिहिलेले नाही, असे ते म्हणू लागले.

दोन बेटे का मिळाली नाहीत, याचे थेट उत्तर असे : जपानने उरलेल्या दोन मोठ्या बेटांचा आग्रह सोडला नाही, म्हणून शांतता करार झाला नाही, आणि करार नाही म्हणून हस्तांतर नाही. त्यातच १९६० मध्ये जपान आणि अमेरिका यांच्यात नवा सुरक्षा करार झाला. तेव्हा सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी २७ जानेवारी १९६० च्या पत्राने, जपानच्या भूमीवरून सर्व परकीय सैन्य जाईपर्यंत बेटे सोपवली जाणार नाहीत, अशी नवी अट घातली. दोन देशांनी मंजूर केलेल्या मजकुराला एका देशाने नंतर एकतर्फी अट जोडावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब डोळ्यांसमोर असावा म्हणून सांगतो. एतोरोफू एकटे सुमारे ३,१७० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा थोडेसेच लहान. कुनाशिरी सुमारे १,४९० चौरस किलोमीटरचे आहे. शिकोतान आणि हाबोमाई मिळून सगळ्या वादग्रस्त भूमीच्या जेमतेम ७ टक्के होतात. या आकड्यामुळे जपानमध्ये 'दोन बेटांवर समाधान मानू' म्हणणाऱ्या प्रत्येक नेत्याला देशद्रोहाचा आरोप सहन करावा लागला. जमीन ७ टक्के असली तरी तिच्याभोवतीचा मासेमारीचा समुद्र मोठा आहे, ही गोष्ट मात्र त्या गदारोळात मागे पडत गेली.

पूर्वा

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु दोन्हींमध्ये रशियाची बाजू जवळजवळ आलेली नाही, आणि या बेटांवर ज्यांचा सर्वांत आधी अधिकार होता त्यांचे तर नावही नाही.

रशियाचे म्हणणे थोडक्यात असे की ही बेटे म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा निकाल आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्यात समझोता झाला. जर्मनी शरण आल्यानंतर दोन-तीन महिन्यांत सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्धात उतरावे आणि त्या बदल्यात दक्षिण साखालिन आणि कुरील बेटे घ्यावीत, असे तेथे ठरले. जपान त्या समझोत्यात नव्हता, म्हणून तो जपानवर बंधनकारक नाही, हे मला मान्य आहे. सोव्हिएत संघाने १९४१ चा तटस्थता करार मोडला हेही खरे आहे. तो करार पाच वर्षांचा होता, आणि एप्रिल १९४५ मध्ये मॉस्कोने तो पुढे चालवणार नसल्याचे कळवले तरी १९४६ च्या एप्रिलपर्यंत त्याची मुदत होती. परंतु या कामाला अमेरिकेचा आशीर्वाद होता हे विसरता येत नाही. १९४५ च्या उन्हाळ्यात अलास्कातील कोल्ड बे येथे अमेरिकेने सोव्हिएत नौदलाला १४९ जहाजे दिली आणि सुमारे १२ हजार सोव्हिएत नौसैनिकांना प्रशिक्षण दिले. त्यांतील काही जहाजे कुरीलच्या लढाईत वापरली गेली. पुढे त्याच अमेरिकेने जपानला या बेटांवरून तडजोड करू नका असे सांगितले, तेव्हा रशियन माणसाला राग येणे समजण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. पर्ल हार्बरवर हल्ला करणारे जपानी आरमार नोव्हेंबर १९४१ मध्ये एतोरोफूच्याच हितोकाप्पू उपसागरात गुपचूप जमले होते आणि २६ नोव्हेंबरला तेथूनच निघाले. ही बेटे म्हणजे केवळ मासेमारांची शांत वस्ती होती असे चित्र रंगवताना हे वगळले जाते. उलट बाजूला, सोव्हिएत सैन्य शुमशूवर उतरले ते १८ ऑगस्टला, म्हणजे सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केल्यानंतर तीन दिवसांनी, आणि हाबोमाईचा ताबा तर शरणागतीच्या दस्तऐवजावर २ सप्टेंबरला सह्या झाल्यानंतर पूर्ण झाला. जिथे गोळीबार थांबायला हवा होता तिथे तो सुरू झाला. यावर माझ्याकडे रशियाच्या बाजूने काही उत्तर नाही.

आता ज्यांच्यासाठी मी लिहायला बसले ते. एतोरोफू, कुनाशिरी, शिकोतान ही नावे जपानीही नाहीत आणि रशियनही नाहीत, ती आइनू लोकांच्या भाषेतली आहेत. रशियन व्यापारी उत्तरेकडून केसाळ कातड्यांसाठी आले, जपानी व्यापारी दक्षिणेकडून मासळीसाठी आले, आणि दोघांनीही आइनूंना राबवले. १८७५ च्या करारानंतर उत्तरेकडच्या आइनूंना कोणत्या देशाचे प्रजाजन व्हायचे ते निवडायला सांगितले गेले, जणू आपल्याच बेटावर राहण्यासाठी त्यांना परवानगी हवी होती. १८८४ मध्ये जपान सरकारने शुमशूवरच्या ९७ आइनूंना उचलून शिकोतानवर आणून ठेवले. रशियन संस्कारात वाढलेल्या या लोकांवर सीमेजवळ विश्वास ठेवता येत नाही, हे त्याचे कारण. समुद्रात शिकार करणाऱ्या माणसांना शेती करायला लावले, आणि त्यांच्यातले कितीतरी जण काही वर्षांतच मरण पावले. आज त्या समाजाची कुरील बोली बोलणारे कोणी उरलेले नाही. जपानी संसदेने आइनूंना मूळ रहिवासी म्हणून मान्यता देणारा ठराव २००८ मध्ये केला आणि त्यासंबंधीचा कायदा २०१९ मध्ये आला, पण बेटांविषयीच्या वाटाघाटींत त्यांना कधी खुर्ची मिळालेली नाही. 'मूळचा प्रदेश' हा शब्द तोक्योत उच्चारला जातो तेव्हा मला ही ९७ माणसे आठवतात.

साप्पोरोकर

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे होक्काइदोत राहत आहे. करारांविषयी वर लिहिले गेले त्यात भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, पण प्रत्यक्ष पाहिलेले थोडे सांगतो, कारण तोक्योतून हा प्रश्न जसा दिसतो तसा तो होक्काइदोच्या पूर्व टोकावरच्या नेमुरोतून दिसत नाही.

नेमुरो शहराच्या पूर्वेला नोसाप्पू नावाचे भूशिर आहे. तेथून हाबोमाईतील काइगारा हे बेट ३.७ किलोमीटरवर आहे. निरभ्र दिवशी त्यावरचा दीपस्तंभ नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो दीपस्तंभ जपाननेच १९३७ मध्ये बांधलेला आहे. भूशिरावर चार बेटांच्या स्मरणार्थ उभारलेली भली मोठी कमान आहे, तिच्याखाली ज्योत तेवत असते, आणि शेजारच्या इमारतीत दुर्बिणी लावून ठेवलेल्या आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक वृद्ध गृहस्थ दुर्बिणीपाशी बराच वेळ उभे होते. मला वाटले पर्यटक असतील. निघताना त्यांनी बोट करून त्यांचे गाव कोणत्या बाजूला होते ते दाखवले. मी पुढे काही विचारले नाही.

युद्ध संपले तेव्हा या चार बेटांवर सुमारे १७ हजार जपानी राहत होते. त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक रातोरात लहान होड्यांतून पळून आले. उरलेल्यांना १९४७ ते १९४९ या काळात साखालिनमार्गे हाकलून दिले गेले. तोपर्यंत काही गावांत रशियन आणि जपानी कुटुंबे एकाच घराच्या दोन खोल्यांत राहत होती, मुले एकत्र खेळत होती. त्या पिढीतले जे आज हयात आहेत त्यांचे सरासरी वय ८५ च्या पुढे गेले आहे. बेटांवर आता १८ ते २० हजार रशियन नागरिक राहतात, आणि त्यांच्यातही तेथेच जन्मलेली तिसरी पिढी आहे. हाबोमाईवर मात्र सीमारक्षकांखेरीज कोणी नाही.

नेमुरोतल्या रस्त्यांवर रशियन भाषेतल्या पाट्या आहेत. खेकडे आणि समुद्री साळिंदर घेऊन येणाऱ्या रशियन बोटींवर या शहराचा बाजार एके काळी चालत असे. काइगाराच्या भोवती कोंबू नावाचे समुद्री शैवाल काढण्यासाठी १९६३ मध्ये जपानच्या मच्छीमार संघटनेने सोव्हिएत बाजूशी स्वतंत्र समझोता केला. सरकारने तो केला असता तर बेटांवरचा सोव्हिएत ताबा मान्य केल्यासारखे झाले असते, म्हणून संघटना पुढे झाली. आपल्याच समुद्रात शैवाल काढण्यासाठी दुसऱ्याला पैसे मोजायचे, ही गोष्ट येथल्या मच्छीमारांना बोचते, पण पोट चालवायचे म्हणून ते देतात. रेषा ओलांडल्याच्या आरोपावरून युद्धानंतर आजवर हजाराहून अधिक जपानी बोटी पकडल्या गेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये रशियन गस्ती नौकेने एका खेकड्याच्या बोटीवर गोळीबार केला आणि एक मच्छीमार ठार झाला.

पूर्वाताईंचा आइनूंविषयीचा मुद्दा मला फार पटला. येथल्या संग्रहालयांत तो आता दिसू लागला आहे, पण उशिरा.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः 'सोपवणे' आणि 'परत करणे' यांतला फरक मी यापूर्वी कोठेही वाचला नव्हता. एक शंका राहिली आहे. गोर्बाचेव्ह आणि येल्तसिन यांच्या काळात रशिया आर्थिकदृष्ट्या खचलेला होता आणि जपान श्रीमंत होता. तेव्हा हा प्रश्न का सुटला नाही? पुढे आबे शिन्झो यांनी इतक्या भेटी घेतल्या, त्यांतून काय निघाले?

ध्रुवतारा

त्या दशकात खरोखरच बरेच घडले होते. एप्रिल १९९१ मध्ये गोर्बाचेव्ह तोक्योला आले आणि चारही बेटांची नावे घेऊन वाद अस्तित्वात असल्याचे सोव्हिएत बाजूने लेखी मान्य झाले. तोपर्यंत अशी कोणती समस्याच नाही, असे मॉस्को वर्षानुवर्षे म्हणत होते. १९९२ पासून बेटांवरचे रशियन रहिवासी आणि जपानी माजी रहिवासी यांच्या व्हिसाविना भेटी सुरू झाल्या. १९९३ च्या ऑक्टोबरात येल्तसिन यांनी तोक्योत सायबेरियातील जपानी कैद्यांच्या हालांबद्दल माफी मागितली. सुमारे ६ लाख जपानी सैनिक तेथे नेले गेले होते आणि त्यांतले ५५ हजारांच्या आसपास परत आले नाहीत, हे लक्षात घेता ती माफी लहान गोष्ट नव्हती. १९९७ मध्ये क्रास्नोयार्स्क येथे येल्तसिन आणि जपानचे पंतप्रधान हाशिमोतो र्‍युतारो यांनी २००० पर्यंत शांतता करार करण्याचा प्रयत्न करायचे ठरवले. १९९८ च्या एप्रिलमध्ये कावाना येथे जपानने एक मार्ग सुचवला : सीमारेषा एतोरोफूच्या उत्तरेकडे आखावी, मात्र काही काळ प्रत्यक्ष कारभार रशियाकडेच राहू द्यावा. रशियाने तो स्वीकारला नाही. संघराज्य फुटल्याच्या धक्क्यातून बाहेर न आलेल्या देशात आणखी जमीन सोडणारा नेता टिकला नसता, आणि साखालिन प्रांतातून तर उघड विरोध होता.

लष्करी कारणही कमी महत्त्वाचे नाही. ओखोत्स्क समुद्रात रशियाच्या क्षेपणास्त्रधारी पाणबुड्या आसरा घेतात. एतोरोफू आणि कुनाशिरी यांच्यामधली सामुद्रधुनी खोल आहे आणि हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे प्रशांत महासागरात उतरण्याचा तो हमखास मार्ग आहे. म्हणून २०१६ मध्ये, म्हणजे पुतिन जपानला यायच्या जेमतेम महिनाभर आधी, या दोन बेटांवर 'बाल' आणि 'बास्तिओन' ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे बसवल्याचे जाहीर झाले.

आबे आणि पुतिन २७ वेळा भेटले. मे २०१६ मध्ये सोची येथे आबे यांनी आठ कलमी आर्थिक सहकार्याची योजना मांडली, आणि १४ नोव्हेंबर २०१८ रोजी सिंगापूर येथे १९५६ च्या घोषणेच्या आधारे बोलण्यांना वेग देण्याचे ठरले. म्हणजे बासष्ट वर्षांनी जपानचा पंतप्रधान अघोषितपणे दोन बेटांपाशी आला. मला आबे यांचे हे धाडस योग्य वाटते, पण ते फार उशिराचे होते. पुतिन यांनी विचारलेल्या एका प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते : सोपवलेल्या बेटांवर अमेरिकी तळ येणार नाही याची हमी तोक्यो देऊ शकते का? २०२० मध्ये रशियाने राज्यघटना दुरुस्त केली आणि देशाची भूमी परक्याला देण्यास मनाई केली. शेजारी देशांशी सीमा आखून घेण्याचा अपवाद तेवढा ठेवला, पण या बेटांना तो लागू नाही असे रशियन नेते लगेच सांगू लागले.

यानंतर युक्रेनवर आक्रमण झाले. जपानने निर्बंध लादले आणि २१ मार्च २०२२ रोजी रशियाने शांतता कराराची बोलणी थांबवली. त्याच वर्षीच्या जपानच्या परराष्ट्र धोरणविषयक वार्षिक अहवालात 'बेकायदा ताबा' हे शब्द २००३ नंतर प्रथमच परत आले. तरीही साखालिन-२ या वायुप्रकल्पातून मित्सुई आणि मित्सुबिशी बाहेर पडल्या नाहीत. जपान आयात करतो त्या द्रवरूप नैसर्गिक वायूचा ९ टक्क्यांच्या आसपासचा भाग तेथून येतो आणि तो दुसरीकडून आणणे सोपे नाही. शेजारच्या साखालिन-१ प्रकल्पात आपल्या ओएनजीसी विदेशचा २० टक्के वाटा आहे आणि तोही तसाच राहिला.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मत असे आहे की बोलणी पुन्हा कधी सुरू झाली तर ती १९५६ च्या नवव्या कलमापासूनच होतील, कारण दोन्ही विधिमंडळांनी मंजूर केलेला दुसरा मजकूर अस्तित्वातच नाही. त्या कलमाला 'अपुरे' म्हणून नाकारण्यात जपानने जी वर्षे घालवली त्यांचे मला फार वाईट वाटते.

जुना दप्तरी

ध्रुवतारा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. १९५६ मध्ये दोन बेटांवर सही केली असती तर एतोरोफू आणि कुनाशिरी बळाने घेतल्याचे कायमचे मान्य झाले असते, आणि तेथून हाकलल्या गेलेल्या माणसांना सरकारने काय सांगितले असते? १८५५ ची सीमा शांततेने ठरलेली होती, तो मुद्दा सोडला की जपानपाशी काहीच उरत नाही. मिळेल ते घ्यावे हा व्यवहार झाला, पण दाव्याची न्याय्यता त्याने ठरत नाही.

साप्पोरोकर

दोघांचेही म्हणणे मी येथल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे, बहुतेक वेळा एकाच घरात.

एक माहिती द्यायची राहिली. बेटांवरच्या पूर्वजांच्या थडग्यांना भेट देण्याची सोय १९६४ पासून होती. मधली काही वर्षे सोडली तर शीतयुद्धातही ती चालू राहिली. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ती थांबली. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने व्हिसाविना भेटींचे समझोते रद्द केले, आणि थडग्यांच्या भेटींचा समझोता कागदावर शिल्लक असला तरी भेटी पुन्हा सुरू झालेल्या नाहीत. त्यामुळे आता उन्हाळ्यात 'एतोपिरिका' नावाचे जहाज नेमुरोहून निघते, मध्यरेषेच्या अलीकडे थांबते, आणि माजी रहिवासी डेकवर मांडलेल्या वेदीपुढे फुले ठेवून, बेटाकडे तोंड करून हात जोडतात. जहाज तेथूनच परत फिरते.